मशेरी लावतात, खात नाहीत

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. ज्या मॅडमनी मला संशोधन शिकवलं त्यांना नाही. आई होती तोवर आईलाही नाही. तशी मी गप्प बसणाऱ्यांतली बाई नव्हेच. माईक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो, घरात सगळे त्यावरून चिडवतात. इतकी वर्षं भाषणं ठोकतेय, आणि प्रत्येक भाषणात एक गोष्ट सांगतेय. लोक टाळ्या वाजवतात. ती गोष्ट खोटी आहे.

लिहिलं एकदाचं. पण थांबा, लगेच तिथे येत नाही मी. आधी थोडी बढाई मारू द्या. कारण बढाई खरी आहे, आणि ती खरी आहे हेच तर सगळं दुखणं आहे.

मी डॉक्टर आहे, पण गोळ्या लिहून देणारी नव्हे. आयुष्य गेलं ते कॅन्सरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात — आधी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात, मग परदेशात, मग हैदराबादच्या एका कंपनीत. माझ्या नावावर एक चाचणी आहे. तोंडात पांढरा डाग पडलेल्या माणसाने चूळ भरायची, नळीत थुंकायची. तो डाग पुढे कॅन्सरकडे जाईल की नुसता डागच राहील, याचा अंदाज त्यातून येतो. सुई नाही, कापाकापी नाही. आज आमच्या भिवंडी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत बायका ओळीने उभ्या राहून थुंकतात आणि एकमेकींकडे बघून हसतात. नारपोलीत मला 'थुंकीवाली डॉक्टर' म्हणतात. भिंतीवर लावलेल्या सगळ्या मानपत्रांपेक्षा मला हे नाव आवडतं. ज्यांचे डाग वेळेत सापडले त्या बायका बाजारात भेटतात, आणि भर रस्त्यात, भाजीच्या गाडीपाशी आ वासून दाखवतात. "बघ गो, साफ हाय!" मी बघते. साफ असतं. त्या दिवशी मी घरी येऊन चहाबरोबर दोन जास्तीची बिस्किटं खाते.

आता मला सांगा, असं सगळं मिळालेल्या बाईला कशाची खंत असावी?

मी नारपोलीची. शेती होती, खाडीवर मासेमारी होती, मग वडलांनी जमिनीवर शेड बांधल्या आणि त्यांत कापड विणायच्या लूम आल्या. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, कारण भिंतीपलीकडे दोन्ही शिफ्ट लूम चालायच्या. मुंबईच्या हॉस्टेलमध्ये मुली म्हणायच्या, अगं, आम्ही बहिऱ्या नाही. मी हळू बोलायला शिकले. 'हाय'चं 'आहे' केलं, 'न्हाय'चं 'नाही' केलं. त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही. पण अशी साफसफाई करता करता हात कुठवर जाईल, याचा माणसाला भरवसा नसतो.

आमच्याकडे बायका मशेरी लावतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते — तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. दुपारी पुन्हा. काम उरकलं की पुन्हा. आई मशेरी भाजायला बसली की अख्ख्या आळीला ठसका लागायचा. तिचे दात काळे होते, तसे आत्याचे होते, तसे आजूबाजूच्या सगळ्याच बायकांचे. पांढऱ्या दातांची बाई दिसली तर आम्हाला ती शाळेतली बाई वाटायची.

मुंबईच्या त्या रुग्णालयात मी संशोधनाला लागले तेव्हा आमच्या मॅडम ठाणे जिल्ह्यातल्या बायकांच्या तोंडाच्या कॅन्सरवर एक मोठं काम सुरू करत होत्या. मॅडम हुशार, शिस्तीच्या आणि मनाने चांगल्या. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांची चूक नाही. एकदा सगळे डबे उघडून जेवायला बसलो होतो. कुणीतरी मशेरीचा विषय काढला. ते काळे दात, ते भाजण्याचे धूर — कुणी तोंडाचा चंबू करून नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. मग एकीने सहज विचारलं, "रंजन, तू तिकडचीच ना? तुमच्या घरी लावतात का गं?"

मी म्हणाले, "नाही. आमच्याकडे नाही."

एवढंच. तीन शब्द — आणि पोळीचा पुढचा घास. काय बिघडलं त्यानं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. पण तिथून परतायची वाट बंद झाली, ती कशी ते बघा.

मॅडमनी प्रश्नावली तयार केली. मूळ इंग्रजीत होती, तिचं मराठी एका कार्यालयात बसून झालं. त्यात प्रश्न होता — 'आपण तंबाखू खाता किंवा ओढता का?' पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. मॅडमना वाटलं, मशेरी त्यातच आली. पुस्तकाप्रमाणे आलीच! पण आमच्याकडे तेल लावतात, कुंकू लावतात, तशी मशेरी लावतात. लावलेली वस्तू खाल्लेली कशी होईल? तंबाखू खातात ती गडीमाणसं, पानातून, तळहातावर चुना मळून. आमच्या बाईला विचारा, तंबाखू खातेस का — ती शपथेवर 'न्हाय' सांगेल, आणि तिच्या लेखी ते शंभर टक्के खरं असेल. निजामपुऱ्यात लूमवर काम करणाऱ्यांच्या घरी हाच प्रश्न हिंदीत विचारला, तर तिथल्या बायका म्हणायच्या, "तौबा, हम काहे को तंबाकू खाएँ? हम तो बस गुल से मंजन करते हैं." गुल म्हणजे मशेरीचीच बहीण.

हे त्या सगळ्या टीममध्ये एकाच माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला.

मला उठून एवढंच म्हणायचं होतं — मॅडम, 'लावता का' असंही विचारायला हवं. पण मग त्या विचारणार, तुला कसं माहीत? घरी तर लावत नाहीत ना तुमच्या? मी तोंड मिटून बसले. वाटलं, दुसरं कुणीतरी काढेल.

काढलंही. सुनंदाताई नावाच्या आरोग्यसेविका आमच्याबरोबर गावोगाव फिरायच्या, त्याच तालुक्यातल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फॉर्म हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, मशेरीचा रकानाच न्हाय यात. मी तोंडी इचारून बाजूला लिवू का?"

मी म्हणाले, "छापलंय तेवढंच विचारायचं, ताई. मधेच प्रश्न बदलला की अभ्यास बिघडतो."

आहे ना बरोबर? नियमाला धरून आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. सुनंदाताई फॉर्म घेऊन गेल्या. मूग गिळून बसणं वेगळं, आणि दुसऱ्याला तोंड बंद ठेवायला लावणं वेगळं. तोवर मी भित्री होते. त्या दिवसापासून मी खोटारडी झाले.

त्या 'होय' आणि 'नाही'ला फार अर्थ होता, तो आधी सांगायला हवा होता. ज्या बाईची 'होय'वर खूण, तिला दर तीन महिन्यांनी तपासायला बोलवायचं, आणि तंबाखू सोडायला मदत करायची — बसून बोलायचं, घरच्यांना समजवायचं. 'नाही'वाल्या बाईला यातलं काही नाही. तिच्या तोंडात डाग असला तर फक्त वर्षभराने पुन्हा नमुना घ्यायचा. तिला काय सोडायला सांगणार? ती काही खातच नाही!

मग आम्ही दिघाशीला गेलो. दिघाशीला माझी आत्या राहते. जनाआत्या, वडलांची धाकटी बहीण. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडेच असायची. भाताच्या खाचरात चिखल तुडवायला तिनेच शिकवलं, आणि बारावीनंतर घरात लग्नाचा विषय निघाला तेव्हा, "पोरीला डॉक्टर व्हऊ दे, मंग बघू," असं वडलांना ठणकावलं तेही तिनेच. शाळेच्या ओट्यावर आम्ही टेबल मांडलं होतं. मॅडम त्या दिवशी स्वतः आल्या होत्या, शेजारच्या टेबलावर बसून कागद बघत होत्या. रांगेत आत्या उभी. नवं लुगडं नेसून आली होती, जशी काही लग्नाला.

समोर बसली आणि हसली. "डॉक्टरीणबाय मना इचारनार?"

मी तिला ओळख दिली का? तर नाही. म्हणजे हसले, पण पेशंटकडे बघून हसतात तसं. विचारलं, "तंबाखू खाता किंवा ओढता का?" — खाता, हं. आत्याला 'खाता' म्हणाले मी.

तिला गंमत वाटली. "न्हाय गो बाय, मी कदी तंबाखू खाल्ली?" हे बोलताना तिच्या दातांच्या फटीत सकाळची मशेरी काळी दिसत होती. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी 'नाही'च्या चौकटीत खूण केली.

मग तोंड तपासलं. खालच्या ओठाच्या आत, हिरडीजवळ, जिथे मशेरी साचते बरोब्बर तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग होता. मी त्यावरून छोटा ब्रश फिरवला, नमुना घेतला, नंबर टाकला आणि म्हटलं, पुढच्या.

निदान घरची म्हणून तरी नंतर सांगायचं होतं ना? एक वाक्य — आत्या, मशेरी पण तंबाखूच असते, सोड. तिथे नाही तर फोनवर. मी का नाही सांगितलं, याचं खरं उत्तर इतके दिवस मी स्वतःलाही दिलं नाही. आज देते. परतताना जीपमध्ये बसले होते, मांडीवर नमुन्यांची पेटी होती. मशेरी सोडली की असे डाग पुष्कळदा विरत जातात, हे मला पाठ होतं. आणि तोवर माझ्या लक्षात आलं होतं की या 'नाही'वाल्या बायकांच्या डागांत काहीतरी विलक्षण दिसतंय. आत्याने सोडली, गावात बोलली, तर बायका सोडतील. डाग जातील. वर्षाने घ्यायला काय उरेल? असा विचार मी केला. एकदाच केला, पण पूर्ण केला.

काहीतरी विलक्षण होतंच तिथे. एक प्रथिन होतं — पेशी बिघडलेल्या दिसायच्या कितीतरी आधी ते त्या डागांत वाढलेलं असायचं. पानतंबाखू खाणाऱ्यांत तसं दिसायचं नाही. आणि या तर 'तंबाखूला न शिवलेल्या' बायका! वर्षाने दुसरे नमुने आले, चित्र आणखी लख्ख झालं. मी रात्रंदिवस राबले, ते श्रम खरे आहेत. शोधनिबंध छापून आला. निर्व्यसनी बायकांमधला वेगळ्याच जातीचा आजार शोधला म्हणून नाव झालं. पहिल्याच पानावर पेशींचं रंगीत छायाचित्र आहे, आजही पाठ्यपुस्तकवाले मागतात. ती माझ्या आत्याची हिरडी आहे.

छापायला पाठवायच्या आधी मॅडमनी मला बोलावलं होतं. "रंजन, या बायकांबद्दल खात्री आहे ना? परीक्षक हेच विचारणार."

मी म्हणाले, "हो मॅडम. मी स्वतः विचारलंय प्रत्येकीला."

त्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मॅडम आता नाहीत. माझ्यावर विश्वास ठेवूनच गेल्या.

त्या निबंधाच्या जोरावर परदेशी प्रयोगशाळेत जागा मिळाली. मी तिथे असतानाच भावाचा फोन आला, आत्याच्या तोंडात गाठ झालीय, कापायला लागणार. मी विमानाने आले. खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागला. आत्या वाचली — माझी आत्या खमकी आहे. पण त्यानंतर तिने भाकरी चावली नाही. भाताची पेज, कालवणात भिजवून मऊ केलेलं काहीबाही, आणि तोंडाशी कायम एक फडकं. आणि येईल त्याला ती फुटक्या बोलीत सांगायची, "माजी भाची याच रोगावर शोध लावतंय, तिकडं फॉरेनला." मी पलंगापाशी उभी राहून ते ऐकलं, आणि दहा दिवसांनी परत गेले.

पुढे हैदराबादच्या कंपनीने बोलावलं. त्या प्रथिनावरून चाचणी बनवायची होती. आता पैसा होता, मोठी टीम होती, चकाचक यंत्रं होती, आणि सगळ्याच्या मुळाशी माझा निबंध. चाचणी तयार झाली. तीन शहरांतल्या खरोखर निर्व्यसनी बायकांवर करून पाहिली. काहीच नाही. सपशेल आपटली. पुन्हा केली, पुन्हा आपटली. कंपनीचे मोठे साहेब बैठकीला आले, आणि हे काम गुंडाळायचं असं जवळजवळ ठरलं. टीममधली तरुण मुलं माना खाली घालून बसली होती. कुणाला उमगत नव्हतं, चुकतंय कुठे.

मला उमगत होतं. मला तर ते जीपमध्ये बसल्यापासून ठाऊक होतं.

मी उठले. म्हणाले, आपण चुकीच्या बायका निवडतोय. ही चाचणी भाजलेल्या तंबाखूसाठी आहे. मशेरी, गुल. भाजल्यावर तंबाखूत वेगळी विषं तयार होतात, हे प्रथिन त्यांची खूण आहे. एकदा तिथे करून बघा. साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कशावरून वाटतं? मी ताठ मानेनं सांगितलं, "मी भिवंडीची आहे. आमच्याकडे घरोघरी लावतात. माझी आई लावायची."

वा! काय बोलले मी. ज्या घराला एका जेवणाच्या टेबलावर नाकारलं, तेच दुसऱ्या टेबलावर दागिन्यासारखं मिरवलं. आई तोवर गेली होती. आणि 'मग तुमच्या निबंधात त्या बायका निर्व्यसनी कशा?' हे कुणीतरी विचारलंच. त्यावर मी एक गोष्ट रचली. म्हटलं, त्या वेळी आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. मग एकदा दिघाशीत हापशावर एक बाई बोटाने मशेरी लावताना दिसली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हापसा, बाई, प्रकाश — सगळं बनवलेलं. पण लोकांना फार आवडलं. तीच ती गोष्ट, भाषणातली.

आम्ही भिवंडीला आलो, नारपोलीत, निजामपुऱ्यात, आसपासच्या गावांत. या वेळी फॉर्म मी लिहिला, आमच्या भाषेत. 'मशेरी लावता का? गुल लावता का?' बायकांनी पटापट सांगितलं — हाय, हाय, लावतंय की! आणि चाचणी चालली. काय चालली म्हणून सांगू! यंत्रावर पहिले आकडे उमटले तेव्हा टीममधली पोरं नाचली, मीही त्यांच्यात नाचले, या वयात, या वजनाने. पुढे दुसऱ्या संस्थांनी आपापल्या पद्धतीने तपासली, तीही खरी ठरली. आज ती चाचणी माझ्या पहिल्या निबंधावर उभी नाही, नंतरच्या खऱ्या कामावर उभी आहे. निबंध रद्द झाला तरी तिला धक्का लागत नाही. सोमवारी तो निबंध छापणाऱ्या मासिकाला आणि कंपनीला माझी पत्रं गेली आहेत, सगळं जसंच्या तसं लिहून. काय व्हायचं ते होईल.

इतकी वर्षं नाही, मग आताच का? तर सत्कार झाला म्हणून. आमच्या समाजाच्या सभागृहात, मागच्या महिन्यात. शाल, श्रीफळ, फेटासुद्धा बांधला मला. खोटं कशाला बोलू, मी मनसोक्त मिरवून घेतलं. मग निवेदकाने जाहीर केलं की डॉक्टरांच्या आत्याबाई, याच आजारातून उठलेल्या, स्वतः हार घालणार आहेत. आत्या नातीचा हात धरून पायऱ्या चढली. एका हाताने तोंडावरचं फडकं सावरत दुसऱ्या हाताने हार घालायला लागली, तो जमेना, तर तिने फडकं खाली टाकलं. एवढ्या लोकांसमोर ते तोंड उघडं ठेवून तिने मला दोन्ही हातांनी हार घातला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुनंदाताई दुसऱ्या रांगेत होत्या, म्हाताऱ्या झाल्यात आता. त्याही टाळ्या वाजवत होत्या. त्यांना तो रकाना आठवत असेल का?

गेल्या रविवारी दिघाशीला गेले. आत्या ओटीवर बसली होती. तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. जेवणाच्या डब्यापाशी काय म्हणाले ते, फॉर्मवर खूण केली ते, जीपमधलंसुद्धा. शास्त्रातलं काही मधे घातलं नाही. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. संपलं तेव्हा बराच वेळ फडक्याने ओठ टिपत राहिली. मी मनाशी एक उत्तर तयार करून आले होते, लाज वाटते पण सांगते — की तेव्हा सांगितलं असतं तरी कुठे सोडली असतीस, जन्माची सवय, कुणाची सुटते? हे मी बोलणार नव्हते. पण पदरात धरून ठेवलं होतं, मला लागेल तेव्हाला म्हणून.

आत्या म्हणाली, "तू बोललं असतंस, तर मी त्याच दिशी टाकली असती."

आणि मग नातीला हाक मारून म्हणाली, हिला पेज वाढ, उपाशीच आली असेल. मी जेवले. ती माझ्याकडे न बघता बाहेर बघत बसली होती. निघताना तिने नेहमीसारखा माझ्या गालावरून हात फिरवला नाही.

ऑपरेशन झाल्यावर सर्जनने तिला विचारलं होतं, काय सवय होती? तेव्हा अजून बोलता येत नव्हतं, तिने बोट दाताशी नेऊन दाखवलं. तो म्हणाला, आजी, तीही तंबाखूच असते, आता बंद. एवढंच म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला. मी तिथेच होते. आत्याने सुनेला खूण करून पिशवी मागितली, तिच्यातली मशेरीची डबी काढली आणि सुनेच्या हातात दिली. टाकून दे, अशी हाताने खूण केली. त्यानंतर आजपर्यंत तिने मशेरीला बोट लावलेलं नाही. एका अनोळखी माणसाच्या एका वाक्यावर तिने ती त्याच दिवशी टाकली. माझं तर तिने नक्कीच ऐकलं असतं.